गंगाधरची पेज

माझा हात लवकर उठतो हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तो कुणाकडून आलाय हेही. माझी आई मार्था बोलण्याआधी मारायची. लाटणं, उलथनं, झाडूचा बुडखा, जे हाताला लागेल ते. मार खाऊन झाल्यावर कारण कळायचं, आणि पुष्कळदा ते भलत्याच पोराचं निघायचं. मग ती "पुढच्या वेळंला धर" म्हणून मोकळी व्हायची. थेरगावात डांगे चौकाच्या मागे आमच्या पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. भिंतीपलीकडे खिडक्यांचे गज करणारं दुकान होतं. सकाळी नऊला तिथला ग्राइंडर सुरू झाला की दिवसभर दात शिवशिवायचे. त्या आवाजावर मात करायची म्हणून आई ओरडून बोलायची, खलबत्त्यात मिरच्या कुटतानासुद्धा कुणाचा तरी जीव घेतल्यासारखी कुटायची. पण रविवारी उपासनेहून आल्यावर ती जो मटणाचा रस्सा करायची, त्याला तोड नव्हती. नगरकडचा काळा मसाला, वर तर्री, बरोबर बाजरीची भाकरी. मला अजून वाटतं की तिचं सगळं प्रेम त्या रश्शात उतरायचं आणि बाकीच्या सहा दिवसांसाठी काही शिल्लकच राहायचं नाही.

बाबा नेमके उलटे. याकोब त्यांचं नाव. तळवड्याच्या एका छोट्या शॉपमध्ये ते पॉवर प्रेस चालवायचे. वीस वर्षं प्रेसचा दणका ऐकून त्यांचे कान अधू झाले होते. बहिरी माणसं मोठ्यानं बोलतात म्हणे, पण बाबा इतकं हळू बोलायचे की समोरच्याला वाकून ऐकावं लागायचं. आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, ते पंच होते. उपासनेच्या आधी जाऊन हॉल झाडायचा, सतरंज्या अंथरायच्या, आणि सगळे गीत म्हणत असताना दाराबाहेर लोकांनी भिरकावलेल्या चपला जोडीनं लावून ठेवायच्या, हे त्यांनीच आपल्याकडे घेतलेलं काम होतं. "याकोबभाऊ म्हणजे देवमाणूस," असं लोक म्हणायचे. मला ते ऐकून चीड यायची. दुसऱ्यांच्या चपला उचलणारा बाप एकोणीस वर्षांच्या पोराला नको असतो.

प्रेसबद्दल एवढंच सांगायला हवं की तिला दोन बटणं असतात, दोन हातांसाठी. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. म्हणजे ठोकळा येताना तुमचे दोन्ही हात बटणांवर असतात, पत्र्याखाली नसतात. पण त्यात वेळ जातो. म्हणून माल लवकर काढायचा असला की एका बटणात लाकडी पाचर ठोकून ते कायमचं दाबून ठेवायचं, मग एक हात पत्रा सरकवायला मोकळा होतो. आणि एखाद्या दिवशी त्या हाताची बोटं जातात. शॉपमध्ये पाचर ठोकायचं काम सेटरचं, म्हणजे प्रेसला साचे बसवणाऱ्याचं, आणि सेटर होता गंगाधर. बीडकडचा, तिशीचा, काळा, खांदे रुंद, अंगात मस्ती. त्या दिवशी त्यानं बाबांच्या प्रेसला पाचर ठोकली. बाबांनी काढली. त्यानं परत ठोकली, बाबांनी परत काढून खिशात टाकली. तेव्हा गंगाधरनं सगळ्या शॉपदेखत त्यांच्या कानाखाली वाजवली.

मला हे संध्याकाळी टपरीवर कळलं. त्यांच्याच शॉपमधला एक जण चहाचा ग्लास फिरवत म्हणाला, "शमू, आज तुझ्या बापाला प्रसाद मिळाला राव. अन् तुझा बाप म्हणतो काय, गंगाधर, पाचर नको, बोटं जातात. एवढंच. गाल चोळला अन् बसला कामाला." बाकीचे हसले. हसले म्हणून मी त्यातल्या एकाची कॉलर धरली, त्यानं माझा ओठ फोडला, आणि मी रक्त थुंकत घरी आलो. बाबांचा डावा गाल सुजला होता. मी विचारलं तर म्हणाले, "लागलं थोडं." आईनं एकवार त्यांच्याकडे पाहिलं आणि पिठाचा गोळा परातीत असा आपटला की परात वाजली.

मला सगळ्यात जास्त काय झोंबलं असेल तर दुसऱ्या दिवसाची गोष्ट. गंगाधरची बायको बाळंतपणाला गावी गेलेली होती, तो खाणावळीचं खायचा. बाबांनी आईला सांगितलं, "दोन भाकऱ्या जास्तीच्या बांध." आईनं विचारलं कुणाला. त्यांनी सांगितलं. आईनं बांधल्या नाहीत, तेव्हा स्वतःच्या डब्यातल्या दोन भाकऱ्या त्यांनी त्याला दिल्या. हेही टपरीवर कळलं, आणि या वेळी कुणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे कीव करून बघत होते. त्यापेक्षा हसले असते तर बरं झालं असतं.

मी आयटीआय करून फिटर झालो होतो. घरात एक मोठा पाना होता, हातभर लांबीचा. तिसऱ्या दिवशी मी तो फडक्यात गुंडाळला, तोंडाला रुमाल बांधला आणि दुपारी पहिली शिफ्ट सुटायच्या वेळी तळवड्याच्या मागच्या कच्च्या रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. ऊन मी म्हणत होतं. गंगाधर सायकलवरून एकटा आला, गाणं गुणगुणत. मी पाना फिरवला तो त्याच्या मनगटावर बसला, कारण त्यानं हात आडवा घातला. दुसरा जबड्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मोठा नसतो. ओलं लाकूड मोडावं तसा दबका येतो. तो पडल्यावर मी थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. पोटात लाथा घातल्या, मोजल्या नाहीत. तो तोंडातून रक्ताची लाळ काढत सायकलखाली सरकायचा प्रयत्न करत होता, आणि मी सायकल उचलून बाजूला टाकली की मला नीट मारता यावं. हे लिहिताना मला लाज वाटते, पण खोटं लिहिण्यात अर्थ नाही. मला आनंद झाला होता. आयुष्यात त्याआधी आणि नंतरही इतका निखळ आनंद मला फार थोड्या वेळा झाला आहे.

आता मी पिंपळे सौदागरला मुलीकडे राहतो, अकराव्या मजल्यावर. परवा पार्किंगवरून कुणीतरी माझ्या जावयाला शिवी दिली आणि माझी मूठ खिशातल्या खिशात वळली. बासष्टाव्या वर्षी. तेव्हा मी सुधारलो वगैरे या प्रकरणात काही वाचायला मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

घरी आलो तेव्हा बाबा शिफ्टवरून येऊन जेवायला बसले होते. वांग्याची भाजी होती. मी पाना त्यांच्या ताटाशेजारी ठेवला आणि सांगून टाकलं, "तुमच्या थपडेची परतफेड केली. परत तुम्हाला हात लावायचा नाही तो." मला वाटलं होतं, ते रागावतील, पण आतून सुखावतील. बाप झाला तरी माणूसच की. आईनं मला पाट दिला, ताट वाढलं आणि भाजीतलं सगळ्यात मोठं वांगं माझ्या पानात टाकलं. बाबांनी विचारलं, "जिता हाय का?" मी म्हटलं, असेल. ते उठले, हात धुतले आणि जेवण टाकून निघून गेले. आमच्या घरात अन्न टाकून उठणं हे पाप समजत, आणि बाबांना ते करताना मी पहिल्यांदा पाहिलं.

गंगाधर जिवंत होता. जबडा दोन जागी मोडला होता, डॉक्टरांनी वरचे आणि खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून टाकले होते. मनगटाला प्लास्टर. पोलिसांनी त्याला विचारलं तर त्यानं डाव्या हातानं वेडंवाकडं लिहून दिलं की तोंडाला रुमाल होता, ओळखलं नाही. लुटारू असावेत असं सगळे धरून चालले. म्हणजे मी सुटलो होतो. आणि त्याच आठवड्यात मला एका मोठ्या कंपनीचं ट्रेनी म्हणून पत्र आलं होतं. कंपनी म्हणजे काय हे आमच्या भागात राहणाऱ्यालाच कळेल. बसनं नेणं-आणणं, कँटीन, पुढे कायम होणं, सोयरिकीला मुलीचे बाप स्वतःहून येणं. अट एकच होती, पोलीस पडताळणीचा स्वच्छ दाखला. आईनं ते पत्र पवित्र शास्त्रात घालून ठेवलं होतं.

सोमवारी सकाळी बाबांनी रजा टाकली, धुतलेला शर्ट घातला आणि मला म्हणाले, "चल. चौकीवर."

मला वाटलं दाखल्यासाठीच. आईला आधी कळलं. ती तव्यावर भाकरी टाकत होती. "याकोब," ती म्हणाली. एरवी ती त्यांना नावानं हाक मारत नसे. "पोराचा जलम जाळायचाय का तुम्हाला?"

"त्यानं त्या माणसाचा जबडा मोडलाय, मार्था. त्याला ठाऊक बी न्हाय कुणी मोडला."

"मग न्हाय ठाऊक तर न्हाय. देवाला ठाऊक हाय ना? मग देवाला बघू द्या की."

"देव बघंल. पर सांगायचं आपल्याला हाय."

तिनं तवा भाकरीसकट फेकला. तो त्यांच्या कपाळावर लागला, खोक पडली, भुवईवरून रक्त शर्टावर आलं आणि कातडी भाजल्याचा वास सुटला. बाबा खाली बसले. थोड्या वेळानं त्यांनी हळदीचा डबा ओढला, चिमूट दाबली, आणि रक्ताचा तोच शर्ट घालून मला दंडाला धरून बाहेर काढलं. त्यांच्या पकडीत इतकी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. मी सुटायची धडपड केली, शिव्या दिल्या, एक कोपर त्यांच्या बरगडीत मारलं. त्यांनी सोडलं नाही.

चौकीतल्या हवालदाराला आधी वाटलं की मीच बाबांचं डोकं फोडलं आणि ते त्याची तक्रार द्यायला आलेत. खरी गोष्ट ऐकून तो त्यांना म्हणाला, "काका, घरी जा. असं कुणी करतं का? पोरगं बरबाद होईल." बाबा म्हणाले, "लिहून घ्या." तीनदा म्हणाले. मग त्यानं लिहून घेतलं. पुढचे दोन दिवस कोठडीत मला पट्ट्यानं झोडपलं, तळपायावर काठ्या बसल्या. प्रत्येक फटक्याला मी गंगाधरला नाही, बाबांना शिव्या देत होतो. जामीन मिळाला तेव्हा चालता येत नव्हतं. कंपनीचं पत्र रद्द झालं. आई माझ्याशी नीट वागली, बाबांशी मात्र ती कित्येक आठवडे बोलली नाही. ताट वाढून ती त्यांच्यासमोर पायानं सरकवायची.

एवढ्यावर भागलं नाही. गंगाधर दवाखान्यातून खोलीवर आला. दात बांधलेले, खाणावळीचं काही जाईना. गावाकडून यायला कुणी नव्हतं. बाबा मला म्हणाले, "त्याला पातळ लागंल. तू करायचं, तू न्यायचं. डबा ठेवून पळायचं न्हाय. पिऊन होईस्तोवर बसायचं, भांडी घासायची, मग यायचं."

"आणि नाही गेलो तर?"

"तर मी जाईन."

मला ते नको होतं. माझा बाप त्याच्या दारात उभा राहणार, हे मला फटक्यांपेक्षा जड होतं. म्हणून मी गेलो. चांगुलपणानं नव्हे, हे पुन्हा सांगतो. पहाटे उठून मी तांदळाची पेज करायचो, कधी मुगाचं कढण, कधी नाचणीची आंबील, आणि फडक्यातून गाळून घ्यायचो, कारण एक कण जरी तारेत अडकला तरी त्याला कळ यायची. पहिल्या दिवशी त्यानं मला पाहिलं आणि भिंतीला टेकून सरकत सरकत कोपऱ्यात गेला. तोपर्यंत त्याला कुणीतरी माझं नाव सांगितलेलं होतं. मी ग्लास पुढं ठेवला. त्यानं डाव्या हातानं उचलला, दातांच्या फटीतून तोंड भरून घेतलं आणि सगळी गरम पेज माझ्या तोंडावर फुर्रकन उडवली. माझ्या हातात डब्याचं झाकण होतं. त्याची कड त्याच्या गळ्यात घालावी असं इतकं मनात आलं की मी ते लांब सरकवून ठेवलं. मी तोंड पुसलं, दुसरा ग्लास भरला. तोही त्यानं उडवला. तिसरा प्यायला, कारण भूक होती.

असे सहा आठवडे गेले. आम्ही एकमेकांचा मनापासून द्वेष करत रोज अर्धा तास समोरासमोर बसायचो. कधी तो ग्लास लाथेनं उडवायचा आणि मी फरशी पुसायचो. एकदा मी पेजेत मुद्दाम मीठ दुप्पट घातलं. त्यानं घोट घेतला, माझ्याकडे बघितलं आणि सगळी पेज प्यायला. त्या दिवशी मी घरी येऊन भिंतीवर मूठ आपटली, बोटांची सालं निघाली. का, ते तेव्हा कळलं नव्हतं.

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून. भाकर आणि प्याला फिरवण्याआधी आमचे धर्मगुरू, म्हणजे पाळक, विचारत, "कुणाचं कुणाशी काही आहे का?" ज्याचं असेल त्यानं उठून त्या माणसाजवळ जायचं, सलाम करायचा, समेट करायचा, मगच भोजनाला हात लावायचा. एरवी सासवा-सुना उठायच्या, पाण्याच्या नळावरून भांडलेले शेजारी उठायचे. बाहेरच्या जगाशी काही असलं तर ते त्यात धरायचं, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्या महिन्यात बाबांनी ताट पुढून जाऊ दिलं. पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "गंगाधर हाय बाहेर. तवर न्हाय." पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी त्याच दिवशी बोधात बाबांचं उदाहरण दिलं. नम्रता काय असते ती याकोबभाऊंकडून शिका, पोटच्या पोराला त्यांनी सत्याच्या हवाली केलं, असं बरंच. सगळी मंडळी माना वळवून आमच्याकडे बघायला लागली. बाबांनी मान खाली घातली होती. मी पंचांच्या सतरंजीजवळच, बाजूच्या भिंतीशी बसलो होतो. मला त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी दिसलं. फार बारीक, क्षणभरच. पण मी दिसलं नाही असं म्हणणार नाही. ते समाधान होतं. माझ्या तळपायाची सूज अजून उतरली नव्हती.

तार काढली त्या दिवशी मी नेहमीसारखा गेलो. पेजेबरोबर पहिल्यांदाच दुधात कुस्करलेली भाकरी नेली होती. गंगाधरनं ती सावकाश खाल्ली, जबडा दुखत असावा. सहा आठवड्यांत त्याचा आवाज मी ऐकला नव्हता. तो म्हणाला, "हिकडं ये." मी गेलो. त्यानं डाव्या हातानं माझ्या कानाखाली सणसणीत ठेवून दिली, डोळ्यापुढं काजवे चमकले.

"ही तुझ्या बापाला मारलेली न्हाई," तो म्हणाला. "ती चुकीची होती. ही तुझी. केस मागं घेणार न्हाई मी. पेजेसाठी तर न्हाईच. काय बघायलास?"

मी म्हटलं, "भांडं घासायचंय."

"मग घास की."

मी भांडं घासलं आणि निघालो. केस पुढे चार वर्षं चालली, शेवटी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर मला सोडलं. गंगाधरची आणि माझी दोस्ती कधी झाली नाही. रस्त्यात भेटला तर मान हलवायचा, मी हलवायचो. बाबांच्या प्रेसला त्यानं परत पाचर ठोकली नाही, एवढं खरं.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. आई बायकांच्या बाजूला, बाबा पुढे पंचांच्या सतरंजीवर, मी मागे दाराजवळ. घरात मी बाबांशी बोलणं टाकलं होतं त्याला दोन महिने होत आले होते. पाळकसाहेबांनी विचारलं, "कुणाचं कुणाशी काही आहे का?" आणि बाबांकडे पाहून हसले, आता सगळं मिटलं अशा अर्थानं. बाबा उठले. ते पुढे ताटाकडे जाण्याऐवजी मागे यायला लागले. बसलेल्या लोकांनी पाय आखडून त्यांना वाट दिली. ते माझ्यापुढं आले आणि गुडघे टेकून बसले. कपाळावरची खोक भरली होती, तिथली कातडी गुलाबी दिसत होती.

"माझं तुझ्याशी हाय, शमू," ते म्हणाले. नेहमीसारखं हळू नाही. मोठ्यानं, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं. "तुला चौकीवर नेला तवा माझ्या मनात गंगाधर नव्हता. लोक मला नेभळट म्हणत होते ते मला ऐकू येत होतं. कान गेलेत पर तेवढं येत होतं. मला दाखवायचं होतं, याकोब काय माणूस हाय ते. त्यापायी तुझी नोकरी गेली, तुला मार बसला. चौकीवर जायचंच होतं. पर तुझा हात धरून, तुझ्याशी बोलून जायला पायजे होतं. मी तुला वढत नेला, लोकांनी बघावं म्हणून."

बायकांच्या बाजूनं आईच्या हुंदक्याचा आवाज आला. ती रडते हे मला माहीतच नव्हतं. बाबा हात जोडून थांबले होते. मला रडायला येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, इतक्या लोकांत मला कोंडीत पकडल्याचा. मी म्हटलं, "मला अजून राग आहे."

"आसू दे," ते म्हणाले. "मी थांबतो."

ते पुढं गेले नाहीत. माझ्याच शेजारी, दाराजवळ, चपलांच्या वासात बसले. भाकरीचं ताट आलं, मी पुढं सरकवलं, त्यांनीही सरकवलं. प्याला आला, तोही तसाच गेला. पुढच्या महिन्यात तसंच, त्याच्या पुढच्या महिन्यात तसंच. पंचांच्या सतरंजीवरची त्यांची जागा रिकामी राहिली, लोक कुजबुजायला लागले, देवमाणूस म्हणायचं बंद झालं. त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. ताट जवळ आलं की ते माझ्या हाताकडे बघायचे, आणि हात हलला नाही की ताट पुढं द्यायचे. सहाव्या महिन्यात मी भाकरीचा तुकडा उचलला. तेव्हा त्यांनी उचलला.